पाणी सोडताना

मराठी माणूस हक्क सोडतो तो त्यावर पाणी सोडून. रसायनशास्त्रातली एक अभिक्रिया हा वाक्प्रचार अक्षरशः पाळते. कागलला शाहू साखर कारखान्याच्या बाजूने जाताना ती मला हमखास आठवते. दूधगंगेचं पाणी पिऊन पोसलेला ऊस, उसाची मळी, मळी आंबवणारं यीस्ट आणि शेवटी आसवनीतलं इथेनॉल. पाणी तिथेही पिच्छा सोडत नाही. साध्या ऊर्ध्वपातनाने इथेनॉल वजनाने 95.6 टक्क्यांपुढे सरकत नाही.

साखरपट्ट्यातलं बरंचसं इथेनॉल हल्ली पेट्रोलमध्ये मिसळून जळतं. पण त्याचंच इथिल ब्रोमाइडही करता येतं. कार्बनवरचा ओएच हटवायचा, तिथे ब्रोमिन बसवायचा, एवढंच काम. करून पाहा! सोडियम ब्रोमाइडच्या द्रावणात इथेनॉल महिनाभर ठेवलं, तरी ते आहे तसंच राहतं. कारण ओएचला निघायचं तर हायड्रॉक्साइड होऊन, बंधाचे दोन्ही इलेक्ट्रॉन अंगावर घेऊन निघावं लागतं, आणि तो भार त्याला पेलत नाही. आता सल्फ्युरिक आम्ल घाला. ऑक्सिजनवर एक प्रोटॉन येऊन बसतो, आणि जो निघणार तो हायड्रॉक्साइड उरत नाही. ते साधं पाणी असतं. त्याला निघायला कसली अडचण? ब्रोमाइड पाठीमागून कार्बनवर येतो आणि पुढून पाणी सुटतं. बारावीची मुलं अभिकर्मकांच्या याद्या घोकतात. हा एक प्रोटॉन नीट कळला, तर निम्मी यादी घोकावी लागणार नाही.

सुटलेलं पाणी परतही येतं. अल्किल हॅलाइड अल्कलीच्या पाण्यात तापवलं की पुन्हा अल्कोहोल हजर. म्हणून ओएचच्या जागी क्लोरिन बसवायला मला थायोनिल क्लोराइड अधिक आवडतं: त्यात पाणी तयारच होत नाही, सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोजन क्लोराइड वायू होऊन उडून जातात. (ठसका मात्र जबर.)

अल्कोहोल कोणत्या प्रकारचं ते ओळखणाऱ्या ल्युकास चाचणीतही ओएचच्या जागी क्लोरिन येतो; तिच्यात संहत हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर निर्जल झिंक क्लोराइड असतं. तृतीयक अल्कोहोल लगेच गढूळ होतं, द्वितीयक पाचेक मिनिटांत. इथेनॉल प्राथमिक, म्हणून त्याची नळी खोलीच्या तापमानाला नितळच राहते. तापवून इथिल क्लोराइड केलंच, तर ते नळीत थांबत नाही. 12 अंश सेल्सिअसलाच उकळतं. खेळाडूच्या मुक्या मारावर फवारतात ते हेच; अंगाची उष्णता घेऊन उडतं आणि तेवढी कातडी बधिर करतं.