आपली जागा रिकामी ठेवू नका
(शास्त्रवाचन : १ करिंथ १२:१४-२६)



अमेरिकेतील यादवी युद्धात, ५ ऑगस्ट १८६४ रोजी, अलाबामातील मोबील उपसागरात मोठी आरमारी लढाई झाली. ‘हार्टफर्ड’ जहाजावर ॲडमिरल फॅरागट धुरापलीकडचे दिसावे म्हणून डोलकाठीच्या दोरखंडांवर चढले होते. तो प्रसंग इतिहासात गाजला. त्याच जहाजाच्या खालच्या मजल्यावर मात्र जॉन लॉसन नावाचा कृष्णवर्णी खलाशी होता. हुद्दा ‘लँड्समन’, म्हणजे अगदी खालचा. तेथे सहा जण दोराने तोफगोळे वर चढवीत होते.

शत्रूचा एक गोळा येऊन फुटला. सहाही जण ठार किंवा जखमी झाले. लॉसनच्या पायाला जखम झाली व तो जहाजाच्या भिंतीवर आदळला. भानावर येताच तो आपल्या जागी परतला. उपचारासाठी खाली जाण्याचा आग्रह झाला, तरी लढाई संपेपर्यंत तो हलला नाही. या शौर्याबद्दल त्याला ‘मेडल ऑफ ऑनर’ हे पदक मिळाले.

आपण युद्धाचे गोडवे गात नाही. आपला प्रभू शांतीचा अधिपती आहे. परंतु खालून गोळा आला नाही तर वरची तोफ मुकी होते, हे ध्यानात घेऊ. जे अवयव अशक्त वाटतात त्यांच्यावाचून शरीराचे चालत नाही, असे पौल मंडळीला शिकवितो.

बेळगाव, इंदूर, वडोदरा अशा ठिकाणी मराठी उपासनेला कित्येकदा मोजकीच कुटुंबे उरतात. तरुण नोकरीसाठी दूर जातात. वडीलधारे प्रभूजवळ जातात. व्यासपीठावरील पाळक सर्वांना दिसतो. पण दोनच मुलांसाठी रविवारची शाळा भरविणारी बहीण कोणाला दिसते? सोबती गळाले, कोणाच्या शब्दाने मन घायाळ झाले, म्हणजे वाटते, “आता पुरे, एकट्याने किती ओढावे?”

थकलेल्याने विसावा घेणे पाप नव्हे. एलीयाला देवाने झोप दिली, भाकर दिली. आणि मग पुन्हा कामावर धाडले. विसावा निराळा आणि सेवा टाकून देणे निराळे.

आपल्याला पदक मिळेलच असे नाही. परंतु गुप्तपणे केलेले पाहणारा पिता तळमजल्यावरही पाहतो. शेजारची जागा रिकामी झाली म्हणून आपण आपली रिकामी करू नये. प्रभू तशी कृपा देवो. आमेन.