जुने टायर

आमची गाडी उंच, सात माणसांची. आईच्या मणक्यातली चकती सरकल्यापासून तिला दर पंधरा दिवसांनी शहाद्याहून नंदुरबारला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. मधल्या सीटवर, कंबरेला उशी लावून, वरचं हँडल धरून ती बसते. प्रकाशाला तापीवरचा पूल येईपर्यंत आणि त्यानंतरही, उसाच्या ट्रॉल्यांनी खचलेल्या पट्ट्यावर गाडी आली की तिचं सुरू होतं, “हळू रे बाबा.” मी चाळीसच्या वर जात नव्हतो, तरी धक्के चुकत नव्हते. मेकॅनिकनं शॉकअॅब्सॉर्बर तपासले. ते ठीक होते. तो म्हणाला, “सर, तुमचे टायर दगड झालेत.”

मला ते पटेना. टायरची नक्षी तीन मिलिमीटर तरी शिल्लक होती आणि कायद्याला 1.6 मिलिमीटर पुरते. मग त्यानं टायरच्या बाजूवर लंबगोलात कोरलेले चार आकडे दाखवले : 3217. म्हणजे 2017 सालचा बत्तिसावा आठवडा. रबराला वय असतं, ते उन्हानं आणि हवेनं कडक होत जातं, आणि ते नक्षी मोजून कळत नाही. नंदुरबारच्या उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचं तर नाहीच.

टायरच्या दुकानात पहिला प्रश्न आला, “गाडी चालते कुठं?” डांबरी रस्त्यासाठीच्या टायरची नक्षी बारीक आणि सलग असते, त्याचा आवाज कमी आणि चाल मऊ. सगळीकडे चालणाऱ्या टायरचे ठोकळे मोठे आणि बहुधा बांधणी जाड. दगडाधोंड्यांत तो टिकतो, पण खड्डा थेट कंबरेपर्यंत पोचवतो. शेजारी एक तरुण अठरा इंची चकचकीत चाकं बघत होता. त्यातली मेख दुकानदारानंच मला सांगितली. आमचं माप 235/65 आर 17. त्यातले 65 म्हणजे रुंदीच्या पासष्ट टक्के, म्हणजे साधारण 153 मिलिमीटर उंचीची रबराची भिंत, आणि धक्का खाते ती ही भिंत. बाहेरचा घेर तोच ठेवून आतलं चाक मोठं केलं की भिंत बुटकी होते. दिसायला गाडी रुबाबदार, बसायला बैलगाडी. हवाही पंपावरचा पोरगा भरेल तेवढी नाही, तर दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिली असेल तेवढीच. जास्त भरली तर गाडी उडते, कमी भरली तर टायर तापून फुटू शकतो.

मी डांबरी रस्त्याचे, मऊ टायर घेतले. इथपर्यंत सगळा हिशोब आईच्या कंबरेचा होता आणि तो सोपा होता.

मग दुकानदार म्हणाला, “जुन्या चारांचे पाच हजार देतो. गिऱ्हाईक आहे. तुमच्याच मापाची जुनी गाडी आहे त्याची, धडगावकडे शिटा मारतो.”

ऐन तिशीत मी धडगावला मास्तर होतो. चांदसैलीचा घाट मी अशाच गाड्यांतून, कधी आत तर कधी मागे लटकून, कितीदा चढलो-उतरलो आहे. सातासाठी केलेल्या गाडीत चौदा माणसं, टपावर पोती, कुणाच्या मांडीवर तापानं फणफणलेलं पोर. पावसाळ्यात दरडीची माती रस्त्यावर आलेली असते. आणि जो कडकपणा आईच्या पाठीला धक्का देतो, तोच ओल्या रस्त्यावर पकड सोडतो. आईला मी ज्याच्यापासून वाचवत होतो तेच पाच हजारांना घाटात पाठवत होतो.

रबराच्या टायरला हा प्रकार नवा नाही. हवेचा टायर चालता झाला तो एका लेकराच्या सुखासाठी. बेलफास्टमधल्या जॉन डनलॉप या गुरांच्या डॉक्टरानं 1888 मध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकीला तो बसवला. त्या मायेत खोट काढता येत नाही. पण सायकली वाढल्या, रबराची मागणी भडकली आणि लिओपोल्ड राजाच्या खासगी मालकीच्या काँगोत रबराचा कोटा भरण्यासाठी गावंच्या गावं वेठीला धरली गेली, माणसांचे हात तोडले गेले. रॉजर केसमेंटचा त्यावरचा अहवाल 1904 मध्ये प्रसिद्ध झाला. डनलॉपला यातलं काही करायचं नव्हतं. तसं मलाही काही करायचं नव्हतं. आपलं सुख निर्मळ असतं, कारण त्याची दुसरी बाजू आपल्या दारात येत नाही.

माझ्या दारात मात्र ती आली होती. मला कठोपनिषदातला नचिकेता आठवला. त्याचा बाप यज्ञात सर्वस्व द्यायला बसला होता आणि देत होता दूध आटलेल्या, म्हाताऱ्या गाई. हिशोबाला गाय ती गायच. खटकलं ते फक्त पोराला.

मी नकार द्यायच्या बेतात होतो, तेवढ्यात तो गिऱ्हाईक स्वतःच आला. मी म्हणालो, “भाऊ, हे टायर घाटाला नको.” त्यानं मला त्याच्या गाडीपाशी नेलं. मागच्या टायरमधून तार बाहेर आली होती. “सर, तुम्ही नाही दिले तरी मी उद्या जाणारच आहे. यांच्यावर जाऊ, का तुमच्यावर?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. वस्तू कापून टाकली की माझे हात स्वच्छ राहिले असते आणि चौदा माणसं तार निघालेल्या टायरवर घाट चढली असती. विकली की त्यांची स्थिती जराशी सुधारली असती आणि त्या सुधारणेचे पाच हजार मी घेतले असते. ‘त्याला चालतंय ना, मग तुझं काय जातं?’ असं आपण म्हणतो. पण ते ‘चालतंय’ कशातून येतं? तो नखानं नक्षीची खोली बघत होता. त्या चार आकड्यांचा अर्थ त्याला माहीत नव्हता, आठ दिवसांपूर्वी मलाही नव्हता. त्याचा होकार नक्षीला होता, रबराला नव्हता.

मी त्याला आकडे वाचायला शिकवलं. चौघांपैकी दोघांच्या भिंतीला बारीक भेगा होत्या. ते मी दुकानदाराला समोरच कापायला लावले. दोन पैसे न घेता त्याला दिले आणि सांगितलं की पाऊस लागायच्या आत बदल. तो म्हणाला, “बघतो, सर.” त्याच्या ‘बघतो’चा अर्थ मला कळतो. माहिती मिळाल्यानं त्याच्या खिशात नव्या टायरचे पैसे आले नाहीत. नव्या टायरच्या किमतीतला थोडा वाटा मी उचलू शकलो असतो. मला ते सुचलं होतं. मी ते केलं नाही. कुठवर पुरणार, असं स्वतःला सांगितलं. ते खरंही आहे, सोयीचंही आहे.

आता गाडी खरंच मऊ चालते. प्रकाशाचा पूल येतो आणि जातो, आई हँडल सोडून मांडीवर हात ठेवून बसते, कधी कधी तिचा डोळाही लागतो. मला बरं वाटतं आणि ते मी नाकारणार नाही. फक्त पाऊस सुरू झाला की उत्तरेला सातपुड्यावर काळं भरून येतं तिकडे माझी नजर जाते. त्या दोन टायरांवरचे आकडे मला पाठ आहेत.