तोटी बघून कॅन घे

ॲन आर्बर, मिशिगन
एप्रिलअखेर

चि. समीर यास,


घराच्या किल्ल्या हातात आल्या, गवत घोट्यापर्यंत वाढलंय, शनिवारी लॉनमोअर आणायला जाणार, हे सगळं तुझ्या निरोपातून कळलं. मोअर कोणता घ्यायचा यावर तू भरपूर वाचलेलं दिसतंय. शेवटी एका ओळीत विचारलंस, "आत्या, पेट्रोलचा कॅन कुठलाही चालेल ना?" कुठलाही चालणार नाही. त्या एका ओळीसाठी हे पत्र.

अंगण लहान असेल तर बॅटरीवरचा मोअर घे आणि पेट्रोल घरात आणूच नकोस, असंच मी आधी सांगितलं असतं. कॅलिफोर्नियात तर २०२४ पासून अशा बहुतेक नव्या छोट्या पेट्रोल इंजिनांना दरवाजे बंद झाले आहेत. पण आधीच्या मालकांनी तुला स्नोब्लोअर देऊन ठेवलाय, आणि न्यू जर्सीच्या हिवाळ्यात तो लागेल. म्हणजे पेट्रोल आलंच.

त्यांनी गराजमध्ये ठेवलेला तो जुना लाल कॅन मात्र वापरू नकोस. तू पाठवलेल्या फोटोत त्याच्या पाठीवर छोटं टोपण दिसतंय, ते हवेचं भोक. ते उघडलं की मागून हवा आत जाते आणि पुढून पेट्रोल सरळ धारेनं पडतं. लोक अजून त्या कॅनांची आठवण काढतात, आणि ओतायला ते सोपे होते हे खरंच आहे. पण टाकी भरली हे त्या कॅनला कळत नाही. तुला कळेपर्यंत पेट्रोल इंजिनावर उतरलेलं असतं. ते टोपण हरवतं किंवा लावायचं राहून जातं, मग गराजभर वाफ. त्यात उरलेलं पेट्रोल किती जुनं आहे देव जाणे. ते गटारात ओतू नकोस, कचऱ्याच्या डब्यात तर नाहीच. तुमच्या काउंटीत घरगुती घातक कचरा घेतात, त्यांना विचारून तिथे नेऊन दे.

१ जानेवारी २००९ पासून इथे बनणाऱ्या कॅनांना पर्यावरण खात्याचा नियम लागू आहे. ओतणं थांबलं की तोटी आपोआप मिटली पाहिजे, आणि बंद कॅनमधून दिवसाला गॅलनमागे ०.३ ग्रॅमपेक्षा जास्त वाफ निसटता कामा नये. साधं प्लॅस्टिक पेट्रोलची वाफ भिंतीतूनही झिरपू देतं, म्हणून आता कॅनच्या भिंतीतच अडसराचा थर असतो. २००८च्या कायद्यानं झाकणंही अशी झाली की लहान मुलाला ती सहज उघडता येऊ नयेत. तुमच्या घरात नुकतं चालायला लागलेलं बाळ आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते.

आता तोटीकडे ये, कारण न सांडण्याचं सगळं मर्म तिच्यात आहे. चांगल्या तोटीत दोन वाटा असतात. एकीतून पेट्रोल टाकीत उतरतं आणि दुसरीतून टाकीतली हवा कॅनमध्ये परत येते. तू ओतत असताना आतून गुडगुड ऐकू येते, ती या हवेची. टाकीतलं पेट्रोल चढत चढत तोटीच्या टोकाला लागलं की हवेची वाट बुडते. हवा थांबली की गुडगुड थांबते, आणि धारही थांबते. डोळ्यांना टाकीच्या आतलं दिसत नसलं तरी चालतं. त्या क्षणी लगेच कॅन उचलू नकोस. चाप सोड, तोटीतले शेवटचे थेंब आत पडू देत, मग काढ.

दुकानात तुला दोन तऱ्हेच्या तोट्या दिसतील. एकीला खालच्या अंगाला आकडा असतो. तो टाकीच्या काठाला अडकवायचा आणि अख्खा कॅन खाली दाबायचा, म्हणजे स्प्रिंग दबून पेट्रोल वाहतं. यात कॅनचा भार काठावर येतो, दोन्ही हात गुंततात, आणि काठ पातळ असेल तर आकडा निसटतो. दुसऱ्या तऱ्हेत तोटी आधी टाकीत बसवायची, मग अंगठ्यानं बटण किंवा चाप दाबायचा. अंगठा उचलला की बंद. माझा कौल स्पष्टपणे या दुसरीला आहे. चार पैसे जास्त पडतील, ते दे. कारखान्यांत वापरतात तसे पत्र्याचे सेफ्टी कॅनही मिळतात. स्प्रिंगचं झाकण, आत जाळी आणि लवचीक धातूची नळी असलेला त्यातला 'टाइप २' कॅन उत्तमच, पण तो जड आणि बराच महाग असतो. 'टाइप १' कॅनला भरण्या-ओतण्यासाठी एकच तोंड असतं, त्यामुळे नरसाळं लागतं. मोअरच्या छोट्या तोंडाशी ते नको.

जाण्याआधी टाकीच्या तोंडाची रुंदी पट्टीनं मोजून घे, मोअरची आणि स्नोब्लोअरची, दोन्हींची. तोटीचं टोक इंचभर तरी आत गेलं पाहिजे, नाहीतर आपोआप थांबण्याची ती सगळी करामत वाया. मग दुकानात रिकामा कॅन हातात घे. तोटीचं कुलूप फिरवून बघ, बटण एका हातानं दाबलं जातं का बघ. सूनबाईला बरोबर ने आणि तिलाही दाबून बघू दे. तुझ्या पंजाला जमतं ते तिच्या अंगठ्याला जमेलच असं नाही, आणि तू दौऱ्यावर असताना बर्फ काढायची वेळ तिच्यावर येणार.

मापाच्या बाबतीत बहुतेक सगळे फसतात. पाच गॅलनचा कॅन गॅलनमागे स्वस्त पडतो म्हणून तोच उचलतात. पाच गॅलन पेट्रोलचं वजन साडेतेरा किलोच्या आसपास, वर कॅन वेगळा. तेवढं ओझं वाकवून लिटर-दीड लिटरच्या टाकीच्या तोंडाशी स्थिर धरायचं म्हणजे कितीही चांगली तोटी असली तरी हात हलणार आणि पेट्रोल सांडणार. शिवाय तेवढं पेट्रोल तुला कित्येक आठवडे पुरेल आणि तोवर शिळं होईल. इथल्या पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असतं, ते ओल ओढून घेतं, आणि जुन्या पेट्रोलचा चिकट थर कार्ब्युरेटरमध्ये बसतो. तू एक गॅलनचा घे, फार तर दोन. संपला की पुन्हा भरून आण. जास्त दिवस ठेवायची वेळ आली तर ताजं असतानाच त्यात स्टॅबिलायझर घाल.

या नव्या कॅनांचा एक गुण सांभाळावा लागतो, आणि तो कोणी सांगत नाही. तोटी घट्ट मिटलेली, वेगळं भोक नाही, त्यामुळे उन्हात कॅन तापला की आत दाब साठतो आणि कॅन फुगतो. तसाच उचलून बटण दाबलंस तर पेट्रोल पिचकारीसारखं उडतं. म्हणून आधी कॅन सरळ उभा ठेव, मोअरपासून आणि गरम इंजिनापासून दूर, तोंड आपल्याकडे न करता बटण जरासं दाब. फुस्स करून वाफ जाऊ दे, मग ओत. मोअर चालवून लगेच टाकी भरू नकोस. दहा-पंधरा मिनिटं त्याला गार होऊ दे, तोवर पाणी पी.

लेबलवर 'एएसटीएम एफ३३२६' असं लिहिलेलं शोध. १२ जुलै २०२३ नंतर बनलेल्या, रिकाम्या विकल्या जाणाऱ्या कॅनांच्या तोंडात ज्वाळा अडवणारी जाळी सक्तीची आहे, त्याचं ते मानक. कॅन भरताना नोझल आत घालायला ही जाळी आड येते म्हणून काही जण ती उपटून टाकतात. तू तसं करू नकोस. हंफ्री डेव्हीनं १८१५ मध्ये खाणकामगारांच्या दिव्याला लावलेली जाळी याच तत्त्वावर चालायची. धातूच्या बारीक छिद्रांतून जाताना ज्वाळेची उष्णता जाळी ओढून घेते आणि पलीकडची वाफ पेटत नाही. पेट्रोल उणे ४० अंशांतही पेटण्याइतकी वाफ सोडतं. भरलेल्या कॅनपेक्षा तळाशी थोडंसं उरलेला कॅन जास्त घातक, कारण त्यात वाफ आणि हवा यांचं मिश्रण असतं. आग कॅनच्या तोंडातून आत गेली तर ओतणाऱ्याच्या अंगावर ज्वाळेचा फवारा येतो. तुमच्याकडे मित्रमंडळी अंगणात होळी करतात. मार्चमधली ओली लाकडं लवकर धरत नाहीत, आणि मग कोणीतरी हमखास म्हणतं, "थोडं पेट्रोल टाका." तिथे तू स्पष्ट नाही म्हण. वाईटपणा आला तरी घे. पेटलेल्यावर तर नाहीच, विझत आलेल्यावरही नाही.

तुमच्या राज्यात १९४९च्या कायद्यामुळे पेट्रोल पंपावरचा माणूसच भरतो. कॅनही त्याच्याकडूनच भरून घे, पण डिकीत ठेवून भरू देऊ नकोस. कॅन उतरवून जमिनीवर ठेव. डिकीतल्या गालिच्यावर प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये स्थिर वीज साठते आणि तिची ठिणगी पुरते. नोझल कॅनच्या काठाला टेकलेलं असू दे, आणि फुगायला जागा ठेवून भरायला सांग, ९५ टक्क्यांच्या वर नाही. लाल कॅन पेट्रोलचा, पिवळा डिझेलचा, निळा रॉकेलचा. रेशनचं निळं रॉकेल आठव, म्हणजे हा तिसरा रंग विसरणार नाहीस. गवताच्या कडा कापायचा टू-स्ट्रोक ट्रिमर पुढेमागे घेतलास तर त्याच्या तेल मिसळलेल्या पेट्रोलला वेगळा कॅन, आणि त्यावर प्रमाण आणि तारीख मार्करनं लिहून ठेव.

ठेवायचा कुठे, हे शेवटी विचारशील. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते आणि कोपऱ्यातल्या वॉटर हीटरच्या पायलट ज्योतीपर्यंत पोचू शकते. तुझा हीटर गराजमध्येच आहे. म्हणून कॅन मागच्या शेडमध्ये ठेव, सावलीत, बाळाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, कडी लावून. कपड्यांवर पेट्रोल सांडलं तर गॅसच्या शेगडीकडे जाण्याआधी कपडे बदल आणि अंग साबणानं धू.

टाक्यांची मापं घेतलीस की मला पाठव. दुकानातून तोटीचा फोटोही पाठव, पैसे द्यायच्या आधी. सूनबाईला आणि बाळाला आशीर्वाद.

तुझी,
आत्या