जगेल त्याची भिशी

वाईच्या गणपती घाटावर रोज संध्याकाळी दहा जण बसत. सगळे साठी ओलांडलेले. अण्णा छापखान्यातून निवृत्त झाले होते, बापू साखर कारखान्याच्या ऑफिसातून, आणखी एकाने किराणा दुकान मुलाच्या हवाली केलं होतं. सरकारी पेन्शन एकालाही नव्हतं. प्रॉव्हिडंट फंडवाल्यांना दरमहा हजार-दीड हजार येत. त्यात ब्लड प्रेशरच्या गोळ्या बसत, दूध बसत नसे.

एके दिवशी बापूंनी वहीचं पान फाडून हिशेब मांडला.

"प्रत्येकाने एक लाख टाकायचा. दहा लाख झाले. सात टक्क्यांनी वर्षाला ७०,००० व्याज. दहा जणांत वाटलं तर प्रत्येकी ७,०००. आता खरी मेख ऐका. कुणी गेला की त्याचा वाटा घरी द्यायचा नाही, उरलेल्यांत वाटायचा. आठ राहिले की ८,७५०. पाच राहिले की १४,०००. दोघेच राहिले की प्रत्येकी ३५,०००. वय वाढेल तशी मिळकत वाढेल."

मंडळी आधी हसली, मग कागद हातोहात फिरला. प्रत्येकाने मनातल्या मनात स्वतःला शेवटच्या दोघांत धरलं होतं, हे वेगळं सांगायला नको. योजनेला नावही मिळालं: जगेल त्याची भिशी. पैसे कुठे ठेवायचे हा प्रश्नही बापूंनी चुटकीसरशी सोडवला. त्यांच्या ओळखीच्या एका पतसंस्थेत सातऐवजी दहा टक्के मिळणार होते.

दुसऱ्या दिवशी अण्णांना खोकला झाला.

एरवी घाटावर कुणी खोकलं तर 'जरा पलीकडे तोंड कर' एवढंच ऐकू येई. आता नऊ जणांनी चौकशी केली. कधीपासून आहे? कफ पडतो का? छातीचा फोटो काढला का? अण्णांना आधी बरं वाटलं, मग नाही वाटलं. किराणावाल्यांच्या मुलाला योजना कळली तेव्हा तो भडकला. "पहिल्याच वर्षी तुमचं काही झालं तर आमचे लाख रुपये गेलेच की!" आणि अण्णांच्या घरी काकूंनी भाकरी थापता थापता विचारलं, "भिशीत नाव तुमचं. तुम्ही गेल्यावर मी काय घाटावर येऊन बसू?"

याचं उत्तर बापूंच्या कागदावर नव्हतं.

शेवटी सगळे नानांकडे गेले. नाना उभं आयुष्य विमा कंपनीत काढून निवृत्त झालेले, पंचाऐंशीच्या पुढचे. त्यांनी कागद चष्म्याजवळ धरून वाचला आणि म्हणाले, "बापू, तू तर तोंतीचा अवतार निघालास!"

लोरेंझो तोंती हा इटालियन पेढीवाला. १६५३ साली त्याने फ्रान्सच्या दरबारात हीच कल्पना मांडली होती. लोकांनी खजिन्यात पैसे भरायचे, खजिन्याने दरसाल व्याज द्यायचं आणि मेलेल्यांचा वाटा जिवंतांकडे जायचा. तेव्हा ती मंजूर झाली नाही. १६८९ मध्ये चौदाव्या लुईला लढाईसाठी पैसा कमी पडला, तेव्हा झाली.

"पण तुम्हाला सांगायची आहे ती पुढची गोष्ट," नाना म्हणाले. "जिनिव्हाच्या तीस मुलींची."

अठराव्या शतकात त्याच फ्रान्सच्या खजिन्याने आजन्म वर्षासनं विकायला काढली. एकदा रक्कम भरायची. ज्याच्या नावावर वर्षासन, ते माणूस जिवंत असेपर्यंत दरसाल पैसे घ्यायचे. नाव कुणाचंही चाले आणि वय कुणी विचारत नसे. सत्तर वर्षांचा म्हातारा असो की सात वर्षांची पोर, दर एकच. नेकर नावाचा गृहस्थ तिथलं अर्थखातं सांभाळत होता तेव्हा हा दर शंभराला दहापर्यंत होता. धूमकेतूवाल्या हॅलीने १६९३ मध्येच ब्रेस्लाऊ शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी घेऊन दाखवून दिलं होतं की वर्षासनाची किंमत वयावर ठरायला हवी. पण पैशाची निकड असलेल्याला गणित ऐकायला सवड कुठली! ते ऐकलं जिनिव्हाच्या पेढीवाल्यांनी.

त्यांनी गावातल्या तीस मुली निवडल्या. धडधाकट, खात्यापित्या घरातल्या आणि देवी येऊन बचावलेल्या, कारण लहान मुलांचा मोठा काळ त्या वेळी देवीच होता. निवडीला डॉक्टरांचा सल्ला घेतला. मग गुंतवणूकदारांचे पैसे गोळा करून या तीस नावांवर वर्षासनं विकत घेतली. पैसे लोकांचे, आयुष्य मुलींचं. एक दगावली तरी एकोणतीस उरणार, म्हणून सगळा भार एका नावावर नव्हता. तरी एखादीला ताप आला की गावाला घोर लागे.

इथे बापूंनी हळूच अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी खोकला दाबला.

"मग? मेल्या का मुली?" किराणावाल्यांनी विचारलं.

"छे! हिशेब अगदी बरोबर निघाला. मुली जगल्या. पुष्कळजणी साठी ओलांडून गेल्या. मेला तो खजिना."

१७८९ मध्ये क्रांती झाली. नव्या सरकारने कागदी चलन काढलं, ते भरमसाट छापलं, आणि त्याची किंमत मातीमोल झाली. वर्षासनाचा आकडा तोच, हातात पडणारा पैसा मात्र नावापुरता. १७९७ मध्ये सरकारने आपल्या कर्जाचा दोन तृतीयांश भाग सरळ बुडीत टाकला. तोवर जिनिव्हाच्या कित्येक पेढ्या बसल्या होत्या. तीस मुली गावात हिंडत-फिरत होत्या आणि त्यांच्या आयुष्यावर पैसे लावणारे कंगाल झाले होते.

नानांनी चष्मा काढला. "वर्षासनात आयुष्यं दोन असतात रे. घेणाऱ्याचं आणि देणाऱ्याचं. आपण आपल्या आयुष्याची काळजी करतो. देणारा आपल्यापेक्षा जास्त जगला पाहिजे, हे आधी बघायचं."

"म्हणजे भिशीची कल्पनाच वाईट?" बापू हिरमुसले.

"कल्पना सोन्यासारखी आहे. माणसं कमी पडतात. दहा जणांत कोण कधी जाईल ते देवाला ठाऊक, म्हणून मिळकत आज सात हजार आणि पस्तीस हजार केव्हा, ते कुणी सांगू शकत नाही. तेच लाखो अनोळखी माणसं एकत्र आली की लवकर जाणारे किती आणि नव्वदी गाठणारे किती याचा अंदाज बांधता येतो, आणि पहिल्या दिवशीच ठरावीक रकमेचा शब्द देता येतो. विमा कंपनीची ॲन्युइटी म्हणजे हेच. शिवाय तिथे तुझ्या खोकल्याकडे कुणी डोळे लावून बसत नाही."

"आणि माझी पतसंस्था?"

"बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेला तेही नाही. आयुर्विमा महामंडळाच्या पॉलिसीला १९५६ च्या कायद्यातल्या ३७ व्या कलमाने केंद्र सरकारची हमी आहे. बाकीच्या कंपन्यांना तशी हमी नाही, त्यांच्यावर विमा नियामकाची देखरेख आहे. हे सगळं एका तागडीत घालून फक्त टक्के वाचायचे नसतात."

बापूंनी मुदत ठेवीचा विषय काढला. मुद्दलाला हात लावायचा नाही आणि व्याजावर जगायचं, हा त्यांचा जुना बाणा. त्यावर नानांना बोलावंच लागलं नाही, किराणावालेच बोलले. २०१३ च्या सुमारास नऊ टक्क्यांनी ठेवलेली त्यांची ठेव पुढे मुदत संपून नव्याने ठेवायची वेळ आली तेव्हा दर सहाच्या आसपास आला होता. मुद्दल जागच्या जागी, घरखर्चाचा तिसरा हिस्सा गायब. ॲन्युइटीत दर ज्या दिवशी घेतला त्या दिवशीच जन्मभरासाठी ठरतो. बँकेची ठेव जास्तीत जास्त दहा वर्षांची, मग पुन्हा त्या वेळचा दर. आणि ठेवीला आपलं वय कळत नाही. पंच्याण्णवाव्या वर्षीही ती मुदतीनेच संपते.

अण्णा त्या रात्री घरी गेले ते ठरवूनच, की फंडाचे आणि शेतीच्या वाट्याचे मिळून आलेले चाळीसच्या चाळीस लाख ॲन्युइटीत घालायचे. काकूंनी त्यांना थांबवलं आणि कपाटातून हिशेबाची वही काढली. लाल पुठ्ठ्याची, कडा तेलकट झालेली, मागच्या पानांवर पाहुण्यांचे फोन नंबर. त्यांनी नवं पान घेतलं आणि त्यावर फक्त न चुकणारे खर्च उतरवले: दूध, किराणा, गॅस, वीजबिल, दोघांच्या गोळ्या, कामवाली, देवाची फुलं. फुलं खोडावीत असं अण्णांना वाटलं, ते बोलले नाहीत. बेरीज १४,००० झाली. पेन्शनचे १,५०० वजा केले. राहिले १२,५००.

"एवढ्यापुरतंच घ्या," काकू म्हणाल्या. "उद्या माझा गुडघा बदलायचा झाला तर ते तुमचं वर्षासन मोडता येईल?"

मोडता येत नाही, निदान सहजासहजी नाही. अण्णांना हे ठाऊक होतं, पण कुणी तोंडावर विचारेपर्यंत माणूस अशा गोष्टी ठाऊक नसल्यासारखा वागतो. उरलेल्या पैशांतले काही पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आणि काही बँकेत, हाताशी ठेवायचं ठरलं.

मग काकूंनी वहीची जुनी पानं उलटली. २०१० मध्ये दूध २५ रुपये लिटर, आता ५८. "तुमचे साडेबारा हजार पंधरा वर्षांनी किती लिटरचे?"

अण्णांनी ते सकाळी नानांना विचारलं. महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांत रुपयाची खरेदी निम्म्यावर येते. दरवर्षी तीन टक्क्यांनी वाढणारा पर्याय असतो, पण त्याची सुरुवात खालून होते. नानांना दुसरी वाट पसंत होती. थोडी ॲन्युइटी आज घ्यायची, थोडी सत्तरीला. वय वाढलं की त्याच रकमेवर जास्त मिळतं. तोवर पैसे आपल्याच ताब्यात. आणि मिळेल ते उत्पन्न म्हणून करात धरलं जातं, हेही विसरायचं नाही.

दोन दिवसांनी अण्णा आणि काकू विमा कंपनीच्या साताऱ्याच्या शाखेत गेले. साहेबांनी पर्यायांचा तक्ता पुढे केला. अण्णांचं बोट आपोआप सर्वांत मोठ्या आकड्यावर गेलं.

"ह्यात मी कुठे आहे?" काकूंनी विचारलं.

त्या ओळीत त्या नव्हत्या. ते अण्णांच्या एकट्याच्या हयातीपुरतं होतं. अण्णा गेले की दुसऱ्या महिन्यापासून काही नाही. साहेबांनी खालची ओळ दाखवली. मुद्दल मुलांना परत मिळणारी, पण दरमहाचा आकडा बराच उतरलेला. अण्णांना मुलाची आठवण झाली. काकू म्हणाल्या, "त्याच्यासाठी घर आहे. त्याच्या लाखांचं भाडं आपण जन्मभर का भरायचं?" तिसरी ओळ दोघांच्या नावाची. एक गेलं तरी दुसऱ्याला तेवढीच रक्कम, शेवटपर्यंत. पहिल्या ओळीपेक्षा महिन्याला हजार-बाराशे कमी.

अण्णा जरा घुटमळले. हजार-बाराशे म्हणजे गोळ्याच की.

"मग मुद्दलात थोडं वाढवा," काकू म्हणाल्या आणि साहेबांकडे वळल्या. "पैसे कुठल्या तारखेला जमा होतात? आमचा दूधवाला एक तारखेला येतो."

साहेबांनी तारीख सांगितली, दरसाल हयातीचा दाखला द्यावा लागेल हेही सांगितलं. काकूंनी दोन्ही वहीत लिहून घेतलं.

संध्याकाळी घाटावर बापूंनी अण्णांना गाठलं. भिशीचा कागद अजून त्यांच्या खिशात होता.

"झालं का काम? मी उद्या जावं म्हणतो."

"जा. वहिनींना घेऊन जा, आणि त्यांचा जन्मतारखेचा दाखला पण घे."