उतारूंचा हिशेब

पांढरकवड्यात ‘बोट’ म्हटले की आधी हाताचे बोटच आठवते. समुद्र शेकडो मैल दूर. गावाजवळच्या नदीचे नाव तेवढे खुनी. पण नावाइतका धाक उन्हाळ्यात तिचा उरत नाही. तरीही 2016 च्या कायद्याने देशातले जे 111 राष्ट्रीय जलमार्ग ठरले, त्यांत आमच्या तालुक्याच्या दक्षिणेची पैनगंगा, वर्धेसह, आहे. कायद्यात नाव आले म्हणून नदीला पाणी येत नाही, हे खरे. परंतु जलमार्ग म्हटला की अपघाताचा अंदाज बांधणे आलेच. आणि माणसाच्या मरणाचा असा आगाऊ हिशेब मांडावा काय, हा प्रश्न काही एकट्या समुद्रकाठच्यांचा नव्हे.

हिशेबाची रीत साधी आहे. अपघात किती वेळा संभवतो आणि झालाच तर हानी किती, या दोहोंचा गुणाकार करायचा. बंदरात दहा बोटी असतील तर त्यांच्या जोड्या होतात 45. वीस झाल्या की 190. वाहतूक दुप्पट झाली की एकमेकींच्या वाटेत येण्याचे प्रसंग चौपटीने वाढतात. ही गोष्ट नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, आकड्यांनाच दिसते. म्हणून मरणाची गणिते मांडणे अशुभ, असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही.

17 जुलै 1947 रोजी ‘रामदास’ बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि काश्याच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. दिव्याच्या अवसेसाठी घरी निघालेले कितीतरी कोकणी चाकरमाने त्यांत होते. स्वातंत्र्य अवघ्या चार आठवड्यांवर आले होते. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते, त्यामुळे मुंबईला वार्ता कळली ती जिवंत किनाऱ्याला लागलेल्यांच्या तोंडून, काही तासांनी. त्याआधी 1927 च्या नोव्हेंबरात ‘जयंती’ व ‘तुकाराम’ या बोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. मधली वीस वर्षे कितीतरी फेऱ्या सुखरूप झाल्या असतील, आणि प्रत्येक सुखरूप फेरी भीती थोडी थोडी पुसत गेली असेल. समुद्राचा कोप म्हणावा तर वादळ त्याचे. यंत्र न बसविणे त्याचे नव्हे.

इतके मान्य करूनही तो गुणाकार मला पुरा पटत नाही. शंभर वर्षांत दर वर्षी एक माणूस बुडाला काय आणि एकाच सकाळी शंभर बुडाले काय, कागदावर उत्तर एकच येते. पण एका घरात मरण आले तर शेजारचे घर पिठलेभात घेऊन जाते. आळीतल्या प्रत्येकच घरात ते आले, तर चूल कोणी पेटवायची? दुसरी अडचण याहून मोठी. लाभ ज्याचा, धोकाही त्याचाच, असे क्वचितच असते. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-3’ या मालवाहू जहाजांची टक्कर झाली. मनुष्यहानी झाली नाही. तेल मात्र समुद्रात पसरले, आणि भोगावे लागले कोळ्यांना. त्यांचा ना जहाजात भाग, ना त्यातल्या मालात.

एखादा म्हणेल, उतारू तर आपल्या पायांनी चढतो, तिकीट काढतो. ती त्याची संमतीच नव्हे काय? संमतीला माहिती लागते. 18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची चाचणीवरची वेगवान नौका आदळली आणि 15 जण दगावले. चूक आदळणाऱ्या नौकेची असली, तरी दुसरी गोष्ट झाकत नाही: ‘नीलकमल’चा परवाना 84 उतारूंचा होता आणि आत शंभरावर माणसे होती. लेकरू मांडीवर घेऊन बसलेल्या आईला हा आकडा कोणी सांगितला होता? तिने मोजायचे तरी केव्हा?

मोजायचे होते धक्क्यावरच्या माणसाने, ‘पुढच्या बोटीने या’ म्हणत आणि रांगेचे बोलणे खात. उद्या पैनगंगेवर खरोखरच माल वाहू लागला, तर कोळसा आणि सिमेंट यांचे टन कोणीतरी बिनचूक मोजील, याची मला खात्री आहे. आडव्या होडीतून पैलतीरी निघालेला एकटा माणूस त्या कागदात कुठल्या रकान्यात बसेल, ते मात्र आधी विचारले पाहिजे.