अनुभव, ज्ञान आणि दक्षता

नीतिशास्त्राचे प्रश्न म्हटले कीं आपणांपुढें बहुधा मोठे प्रसंग उभे राहतात. मूत्रपिंडें निकामी झालेल्या रोग्याचें रक्त यंत्रानें शुद्ध करण्याची जी विद्या डायालिसिस या नांवानें ओळखली जाते, तिच्या इतिहासांतही असा एक प्रसंग आहे. अमेरिकेंतील सिॲटल शहरीं १९६२ सालीं या उपचाराचें केंद्र निघालें, तेव्हां यंत्रें थोडीं आणि रोगी पुष्कळ अशी अवस्था होती. कोणास यंत्र द्यावें आणि कोणास मृत्यूच्या स्वाधीन करावें, हें ठरविण्यासाठीं बहुतांशीं वैद्यकाबाहेरच्या नागरिकांची एक समिति नेमण्यांत आली. त्या समितीविषयीं विपुल लिहिलें गेलें आहे, व तें योग्यच आहे. परंतु याच विद्येंत दुसरा एक नीतिप्रश्न दडलेला आहे. तो रोज सकाळीं उठतो, त्याचा निर्णय कोणतीही समिति करीत नाहीं, आणि तो नुकतीच पदवी घेतलेल्या एखाद्या तरुण तंत्रज्ञापुढें एकांतांत उभा राहतो.

तो प्रश्न पाण्याचा आहे. एका वेळच्या उपचारास सुमारें चार तास लागतात, आणि तेवढ्या अवधींत जवळजवळ १२० लिटर पाणी एका पातळ पडद्यापलीकडून रोग्याच्या रक्ताला लागून वाहतें. आठवड्यांतून तीनदां म्हटलें तर हें पाणी ३६० लिटर होतें. आपण पाणी पितों तेव्हां आपली आंतडीं, यकृत आणि मूत्रपिंडें त्याचा समाचार घेतात. या रोग्यापाशीं त्या पडद्याखेरीज दुसरा पहारेकरी नाहीं. शहराचें पाणी निर्जंतुक व्हावें म्हणून त्यांत क्लोरिन किंवा त्याचें क्लोरामाइन नांवाचें संयुग घालतात. जें सर्व नगराचें रक्षण करतें, तेंच या रोग्याच्या रक्तांत उतरलें तर तांबड्या पेशी फुटूं लागतात. म्हणून तें पाणी कोळशाच्या टाक्यांतून गाळून घ्यावें लागतें, आणि रोग्यांची प्रत्येक पाळी सुरू होण्यापूर्वीं त्याचा नमुना तपासावा लागतो. क्लोरामाइनची मर्यादा एका लिटरास ०.१ मिलिग्रॅम इतकी सूक्ष्म आहे. तपासणी झाली कीं तिचा आंकडा वहींत लिहावयाचा.

आतां अशी कल्पना करा कीं, तंत्रज्ञास उशीर झाला आहे. पहाटेच्या एस्‌टीनें आलेले रोगी बाकावर ताटकळत आहेत. काल पाणी चांगलें होतें, परवां चांगलें होतें, गेलें वर्षभर चांगलें होतें. त्यानें नमुना न तपासतांच कालचा आंकडा आज लिहिला, तर काय होईल? बहुधा कांहींच होणार नाहीं. आणि सारी गोम येथेंच आहे. सुताराचा सांधा सैल राहिला तर तो डुगडुगतो, स्वयंपाकांत मीठ अधिक पडलें तर पहिल्या घांसालाच कळतें. त्या धंद्यांत चूक स्वतःच गुरु होते. येथें मात्र चूक केल्यानें वेळ वांचतो, रोगी संतुष्ट होतात आणि वरिष्ठही प्रसन्न राहतात. शंभरदां खोटा आंकडा लिहिणाऱ्यास शंभरदां निर्विघ्नतेचा अनुभव येतो. ज्या अनुभवास आपण सर्व विद्यांचा पिता मानतों, तोच येथें हयगय शिकवूं लागतो.

यंत्रावर नळ्या जोडण्यासाठीं तीन-चार वर्षांची पदवी कशाला, दोन वर्षांची उमेदवारी पुरे, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांना माझें उत्तर हेंच आहे. हात उमेदवारीनें बसतो, यांत शंका नाहीं. परंतु जो अनर्थ डोळ्यांनीं कधीं पाहिला नाहीं, त्याचें भय उमेदवारीनें कसें उत्पन्न व्हावें? तें कारणज्ञानानेंच उत्पन्न होतें. यंत्र धोक्याची घंटा वाजवितेंच, असाही आक्षेप येईल. हवेचा बुडबुडा आला, द्रावणांतील क्षारांचें प्रमाण बिघडलें, तर घंटा वाजते हें खरें. पण यंत्राच्या कर्त्यानें ज्या संकटांची कल्पना केली तेवढींच यंत्र ओळखतें. ब्राझिल देशांतील कारुआरू शहरीं १९९६ सालीं जलाशयांतून टँकरनें आणलेलें, नीट शुद्ध न झालेलें पाणी एका डायालिसिस केंद्रांत वापरलें गेलें. त्यांत नीलहरित शेवाळाचें विष होतें. पन्नासांहून अधिक रोगी यकृत निकामी होऊन दगावले. त्या विषासाठीं कोणत्याही यंत्राला घंटा नव्हती.

तथापि ज्ञान झालें म्हणजे दक्षता आपोआप येते, असेंही मानूं नये. ०.१ हा आंकडा उत्तरपत्रिकेंत बिनचूक लिहून गुण मिळविणारा विद्यार्थी पुढें वहींत खोटा आंकडा लिहूं शकतो. किंबहुना त्याची संवय त्याला विद्यालयांतच लागते. विद्यार्थी ज्यास जर्नल म्हणतात, ती प्रयोगवही परीक्षेच्या आदल्या रात्रीं मित्राच्या वहीवरून उतरून काढण्याची रीत आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. आपण तिजकडे कौतुकानें पाहतों, प्राध्यापकही हंसून सही करतात. परंतु न केलेल्या प्रयोगाचें फळ लिहिणें आणि न तपासलेल्या पाण्याचा आंकडा लिहिणें, यांत कृतीचा भेद मुळींच नाहीं. भेद आहे तो केवळ पलीकडे कोण निजलेला आहे याचा.

सारा दोष विद्यार्थ्याच्या माथीं मारणें मात्र अन्यायाचें होईल. एका तंत्रज्ञाकडे झेपणार नाहींत इतकीं यंत्रें सोंपवून वही तेवढी पूर्ण भरलेली मागणारा व्यवस्थापक स्वतःच्या हातानें कांहीं लिहीत नसेल. पण खोट्या आंकड्याचा अर्धा कर्ता तोच आहे.

२०१६ पासून आपल्या देशांत गरीब रोग्यांना जिल्हा रुग्णालयांत विनामूल्य डायालिसिस देण्याची राष्ट्रीय योजना चालू आहे. सिॲटलचा प्रश्न, म्हणजे यंत्र कोणास मिळावें हा, आपण पुरता सोडविला आहे असें नव्हे. पण तो थोडा जरी सुटला, तरी दुसरा त्या मानानें वाढतो. जितके अधिक लोक यंत्राशेजारीं हात पसरून निजतील, तितके अधिक लोक स्वतः कधीं न पाहिलेल्या एका आंकड्यावर आपला जीव ठेवतील. तो आंकडा खरा असावा, एवढ्यासाठीं ही पदवी आहे. आणि ती पदवी खरी कीं खोटी, याचा निर्णय परीक्षेच्या दिवशीं होत नाहीं. सारें कांहीं ठीक असणारच अशी खात्री वाटत असतांही जो नमुना घेऊन तपासतो, त्याच्या त्या सकाळीं तो होतो.