सारथ्याचा शब्द

सोलापूरच्या नव्या पेठेत संध्याकाळी चादरीच्या एखाद्या दुकानासमोर पाच मिनिटं नुसतं उभं राहावं. आतला विक्रेता इंडीहून आलेल्या गिऱ्हाइकाला कन्नडमध्ये बसवून घेतो, पूर्व भागातल्या बाईंशी तेलुगूत घासाघीस करतो, गल्ल्यावरच्या मालकाशी मराठीत बोलतो आणि चहावाल्या पोराला दखनीत हाक मारतो. कन्नड कुठं शिकलास म्हणून विचारलं तर तो म्हणेल, "त्यात शिकायचं काय बे?"

मी तीन वर्षं संस्कृत शिकलो. दहावीला भरघोस गुण मिळाले. मिळतातच, त्यासाठीच तर आपल्याकडे ते घेतात. १९१२ साली चिंतामणराव देशमुखांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली, तेव्हाही संस्कृतचे गुण हा हुशारीचा दाखलाच होता. ते स्वतः पुढे संस्कृतात कविताही लिहीत, हे सोडा. मला 'देव' झोपेतही चालवता येई. संस्कृतात पाणी मागायची वेळ मात्र कधी आली नव्हती.

चाळिशीनंतर संभाषण शिबिरात जाऊन बसलो. संस्कृत भारतीची, १९८१ साली बंगळुरूत सुरू झालेली पद्धत : दहा दिवस, रोज दोन तास. शिकवणाऱ्या ताई पहिल्या मिनिटापासून संस्कृतच बोलल्या. स्वतःकडे बोट, मग आमच्याकडे बोट, मम नाम, भवतः नाम किम्. 'त्वम्'ऐवजी 'भवान्' म्हटलं की क्रियापद तृतीय पुरुषी, म्हणजे रूपांचा एक अख्खा गट वाचला. भूतकाळाच्या लङ् लकाराऐवजी 'गतवान्'. द्विवचन नको, 'फलद्वयम्' म्हणा. शेजारच्या निवृत्त शिक्षकांना हे संस्कृतला चड्डी नेसवल्यासारखं वाटलं. मला ते शहाणपणाचं वाटलं, जरी त्याची किंमत लगेच मोजावी लागली. 'भवान् गच्छति' इतकं जिभेवर बसलं की तिसऱ्या दिवशी मी 'अहं गच्छति' म्हणून मोकळा झालो. तीन वर्षं 'गच्छामि, गच्छावः, गच्छामः' घोकलेला माणूस!

लॅटिनवाल्यांचंही असंच आहे. हान्स ओर्बर्ग या डॅनिश शिक्षकाचं पाठ्यपुस्तक पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत लॅटिनमध्येच आहे. फिनलंडच्या रेडिओवर १९८९ ते २०१९ लॅटिन बातम्या लागत. आपल्या आकाशवाणीवर संस्कृत बातम्या १९७४ पासून आहेत. म्हणजे पद्धत आहे, पुस्तकं आहेत, बातम्यासुद्धा आहेत. नाही तो गल्ल्यापलीकडचा माणूस, ज्याला आपलं व्याकरण नको असतं, पैसे हवे असतात. शिबिरात चूक दाखवणारा एकच, आणि तो पुस्तकाच्या बाजूचा.

पतंजलीच्या महाभाष्यात एक गंमत आहे. एक वैयाकरण विचारतो, या रथाचा 'प्रवेता' कोण? सारथी म्हणतो, मी याचा 'प्राजिता'. हा अपशब्द, वैयाकरण म्हणतो. सूत्राप्रमाणे 'अज्' धातूच्या जागी 'वी' यायला हवा. सारथी त्याला सुनावतो : महाराज, तुम्हाला नियम ठाऊक आहे, लोकांना कोणतं रूप चालतं ते ठाऊक नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या, व्याकरणाच्याच ग्रंथात रथ हाकणारा जिंकतो. आज संस्कृतला पाणिनी जाणणारे पुष्कळ मिळतील. तिला असा सारथी कुठून आणायचा?

शिबिर संपल्यावर खुमखुमी होती म्हणून ओळखीच्या दुकानात गेलो, चादरीवर हात ठेवला आणि विचारलं, "अस्य मूल्यं कियत्?"

त्याने मान वाकडी केली. "कुठली तेलुगू ही? आंध्राकडची काय?"

चूक त्याची नव्हती. शेवटी अनुस्वार असलेलं 'मूल्यं' त्याच्या घरच्या तेलुगूतलंच.

"साडेचारशे," तो चादरीची घडी उलगडत म्हणाला. मग जरा कीव येऊन, "आणि 'एंत' म्हणायचं. कियत्-बियत् कोण म्हणतंय?"

"एंत," मी म्हटलं.

"हां. आता बरोबर."